थांबणारी चकती

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काहीच आलं नाही. का म्हणून विचारणारी दोन-चार मेल आली, त्यांना 'हापिसात रिलीज आहे' असं ठोकून दिलं. खरं कारण वेगळं होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाच्या नडगीवर चकती मारली होती. त्यानंतर त्या खेळाबद्दल लिहावंसं वाटेना, आणि दुसरं काही लिहायला बसलं की तेच डोळ्यासमोर यायचं. आज शेवटी लिहूनच टाकतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडू-काठीऐवजी प्लॅस्टिकची चकती आणि भोकाऐवजी खांबावर साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. टीवरून फेकायचं, पडली तिथून पुन्हा फेकायचं, टोपलीत गेली की मोजणी बंद. अमेरिकेतल्या बहुतेक बागांमध्ये हे फुकट असतं. मी २००६ साली पुण्याहून बे एरियात आलो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, मित्र नव्हते आणि वीकांत होते. फुकट म्हटल्यावर गेलो. आजवर जातोय.

तर त्या दिवशी. आमच्या घराजवळच्या बागेतलं सातवं होल. पहिली फेक झाडाला लागून खाली पडली. टोपली अजून दोनशे फुटांवर, म्हणजे साठेक मीटर. टोपलीच्या डावीकडून लोकांची फिरायची पायवाट जाते. माझ्या हातात जी चकती होती तीच मी परत फेकली. ती होती ड्रायव्हर, म्हणजे चारशे फूट जायला बनवलेली पातळ, धारदार कडेची चकती. अंतर कमी म्हणून अर्ध्या जोरात फेकली. अर्ध्या जोरात फेकलेला ड्रायव्हर जे करतो तेच तिने केलं. टोपलीच्या अलीकडेच डावीकडे वळली, उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर तिरकी टेकली आणि तळ्यात भाकऱ्या काढताना चपटा दगड उडतो तशी टणकन उडून पायवाटेवर गेली. अशा वेळी 'फोर!' असं ओरडायचं असतं. मी 'अहो अहो अहो' असं ओरडलो, तेही मराठीत.

जखम फार मोठी नव्हती. पण सत्तरीच्या माणसाच्या नडगीवरची कातडी पातळ असते, रक्त बरंच आलं. मी रुमाल बांधला, हॉस्पिटलमध्ये नेतो म्हणालो, तो नको म्हणाला. मग त्याने खाली पडलेली चकती उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे विचारलं, "हे खेळणं आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या जागी पोर असतं आणि नडगीच्या जागी तोंड, तर?" मी पिशवी गॅरेजमध्ये नेऊन वॉशिंग मशिनच्या मागे टाकली.

सोमवारी हापिसात हे आमच्या टीममधल्या एका जुन्या टेस्टरला सांगितलं. हा मूळचा मिशिगनचा, पंचवीस-तीस वर्षं हा खेळ खेळणारा. त्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही. मंगळवारी माझ्या कीबोर्डवर एक चकती ठेवलेली. चपटी, बोथट कडेची, हातात घेतली तर एखाद्या बशीसारखी. वर चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर त्याने लिहिलं होतं की दोनशे फुटांना तू जे फेकतोस ते दोनशे फुटांसाठी बनलेलंच नाही.

ती चकती म्हणजे डिस्क्राफ्ट कंपनीची 'झोन'. या जातीला 'ॲप्रोच डिस्क' म्हणतात, म्हणजे टोपलीजवळ पोचवणारी. त्यातही ही स्लो आणि ओव्हरस्टेबल. हळू जाणारी, आणि कशीही फेकली तरी शेवटी हमखास एकाच बाजूला वळून खाली बसणारी. एवढी वर्षं खेळूनही मी ती कधी घेतली नव्हती. कारण काय, तर दुकानात गेलं की हात लांब जाणाऱ्या चकत्यांकडेच जातो. पंधरा डॉलर खर्च करायचे आणि हळू जाणारी वस्तू आणायची? :)

पण त्या म्हाताऱ्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. हे खेळणं आहे का? आणि नसेल तर कधीपासून नाही? म्हणून वाचत बसलो. जे सापडलं ते असं.

सुरुवात खाण्याच्या ताटलीपासून होते. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाची पाय बनवणारी बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या रिकाम्या ताटल्या पोरं फेकून खेळायची. (आमच्या वाड्यात आम्ही पापडाच्या डब्याचं झाकण फेकायचो. ते शेजारच्या कौलांवर जाऊन बसलं त्या दिवशी खेळ संपला. या खेळाचा शोध पुण्यात लागला नाही याचं कारण बहुधा आमची आई.) तिकडे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर केकचा साचा फेकत होता. साल १९३८. एकाने तो साचा पंचवीस सेंटला मागितला. दुकानात तो पाच सेंटला मिळत होता. मॉरिसनचं डोकं तिथून चालू झालं. मध्ये युद्ध झालं, तो विमानं चालवून परत आला आणि १९४८ साली एका भागीदाराबरोबर प्लॅस्टिकची पहिली चकती काढली. १९५५ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली, 'प्लूटो प्लॅटर'. तेव्हा उडत्या तबकड्यांचं वेड होतं, म्हणून हे नाव. १९५७ च्या जानेवारीत तिचे हक्क व्हॅम-ओ या खेळणी कंपनीने घेतले, आणि त्याच वर्षी तिला त्या बेकरीच्या नावावरून, स्पेलिंग बदलून, 'फ्रिस्बी' हे नाव दिलं.

म्हणजे तोवर ते शंभर टक्के खेळणंच होतं. मऊ, गोल कडेचं, कुत्र्याने तोंडात धरावं असं.

मग आला एड हेड्रिक. हा माणूस १९६४ साली व्हॅम-ओमध्ये लागला. चकतीच्या पाठीवर बारीक गोल रेघा असतात ना, त्या याच्या. १९६७ साली त्याचं पेटंट मिळालं. त्या रेघांमुळे चकती जास्त स्थिर उडू लागली, आणि नेमकं फेकता येतंय म्हटल्यावर लोकांना नेम धरायची इच्छा होणारच. चकती फेकून झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांना मारत गोल्फ खेळणारी टोळकी अमेरिकेत ठिकठिकाणी आधीपासून होतीच. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला तर स्पर्धा झाली आणि बक्षीस म्हणून नवीकोरी डॅटसन गाडी दिली गेली! पण कायमस्वरूपी असा पहिला कोर्स उभा केला तो हेड्रिकने, १९७५ साली, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ओक ग्रोव्ह बागेत. तिथे आधी नुसते खांब होते. खांबाला चकती लागली की नाही यावर वाद व्हायचे. (गल्ली क्रिकेटमध्ये खडूने काढलेल्या स्टंपला बॉल लागला की नाही, तोच वाद.) त्यावर उपाय म्हणून त्याने साखळ्यांची टोपली बनवली, तिचं पेटंट १९७७ चं. साखळीचा आवाज आला आणि चकती आत पडली, की वाद मिटला. १९७६ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना काढली आणि पहिला क्रमांक स्वतःकडे घेतला. खेळाच्या नावात फ्रिस्बी नाही, 'डिस्क' आहे, कारण फ्रिस्बी हा शब्द कंपनीच्या मालकीचा.

ओक ग्रोव्ह मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी पासाडीनाला कामासाठी गेलो होतो, एक सकाळ मोकळी होती. शेजारीच नासाची जेपीएल. कुंपणापलीकडे लोक मंगळावर गाड्या उतरवतात आणि अलीकडे ओकच्या झाडांखाली आपण साखळीत चकती उतरवायला धडपडतो. धूळ, वाळलेली पानं, होल बहुतेक छोटीच. त्या दिवशी मला ते जरा निराशाजनकच वाटलं होतं. जगातला पहिला कोर्स म्हणजे भव्य काहीतरी असेल अशी माझी कल्पना. आता वाटतं की ती होल छोटी असणं साहजिक होतं. १९७५ सालची चकती दूर जातच नव्हती.

आणि इथे १९८३ साल येतं. या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं.

डेव्ह डनिपेस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या खेळाडूला प्रश्न पडला होता की चकतीची कड गोलच का?  त्याने कड खालून-वरून उतरती करून पाचरीसारखी निमुळती केली. त्या वर्षी इनोव्हा कंपनी सुरू झाली आणि 'ईगल' नावाची चकती बाजारात आली. पेटंट १९८६ मध्ये मिळालं. बदल ऐकायला किरकोळ आहे, कडेचा उतार. पण त्याने दोन गोष्टी एका फटक्यात झाल्या. चकती हवा कापत खूप दूर जाऊ लागली. आणि ती झेलण्याची वस्तू राहिली नाही. फ्रिस्बीचा अर्थच मुळी असा होता की समोर कोणीतरी आहे आणि तो झेलणार आहे. निमुळत्या कडेची चकती कोणाकडे फेकायची नसतेच, फक्त टोपलीकडे. समोर माणूस नको, ही या नव्या वस्तूची पूर्वअट.

म्हणजे म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. होतं खेळणं, १९८३ पर्यंत.

तिथून पुढची चाळीस वर्षं ही बहुतांशी वेगाची गोष्ट आहे. कड रुंद, अजून रुंद. संघटनेचे नियम आहेत, पण सैल. कडेची रुंदी २.६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, व्यास किमान २१ सेंटीमीटर, वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमपर्यंत. (२१ ला ८.३ ने गुणा. १७४.३. बहुतेक चकत्यांवर १७३, १७४, १७५ असे आकडे का दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. कंपन्या नियमाच्या भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत.) २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियरने नेव्हाडाच्या वाळवंटात, वारा पाठीशी घेऊन, १,१०९ फूट फेकली. ३३८ मीटर! एक चकती. हाताने.

अशा वेळी हळू जाणाऱ्या चकतीचं काय काम? इथे थोडं विज्ञान लागेल. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून द्या, पण मला लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

भोवरा आठवा. फिरता भोवरा एका बाजूला कलला तर तिकडे पडत नाही, गोल गोल डोलत राहतो. फिरणाऱ्या वस्तूला तुम्ही ज्या दिशेने ढकलता त्याच्या काटकोनात ती प्रतिसाद देते. चकतीचं तेच. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. हवा तिला वर उचलते, पण उचलण्याचा बिंदू बरोबर मध्यावर नसतो, तो मागेपुढे सरकतो. वेग भरपूर आणि चकती हवेला जवळजवळ सपाट, तेव्हा तो बिंदू मध्याच्या मागे असतो. मागून उचललं की नाक खाली जायला बघतं, पण चकती फिरती असल्याने नाक खाली न जाता ती उजवीकडे कलते. पुढे वेग संपत येतो, चकती खाली येऊ लागते, हवा पोटाला खालून लागते. आता बिंदू मध्याच्या पुढे. नाक वर जाऊ बघतं, म्हणून चकती डावीकडे कलते. पहिल्याला 'टर्न' म्हणतात, दुसऱ्याला 'फेड'. म्हणून चकती आधी थोडी उजवीकडे आणि शेवटी डावीकडे अशी वाकड्या एस-सारखी जाते. डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं.

कडेचा आकार ठरवतो की हा बिंदू कधी पुढे येणार. ओव्हरस्टेबल चकतीत तो जवळजवळ सुरुवातीपासूनच पुढे असतो. ती उजवीकडे कलतच नाही. सरळ जाते आणि डावीकडे वळते. तिच्या स्वभावात दुसरं काही नाही.

आता गंमत वाऱ्याची. समोरून वारा आला की चकतीच्या दृष्टीने वेग वाढतो, कारण तिला फक्त हवेतला वेग कळतो. म्हणून समोरच्या वाऱ्यात साधी चकती उजवीकडे कलंडते आणि कुठच्या कुठे जाते. ओव्हरस्टेबल चकती मात्र आपला हट्ट सोडत नाही. आमच्याकडे दुपारी समुद्रावरून जो वारा सुटतो, त्यात मी वर्षानुवर्षं साध्या पटरने ॲप्रोच मारत आलो आणि वाऱ्याला शिव्या देत आलो. दोष वाऱ्याचा नव्हता.

तर वेगवान ड्रायव्हर बनतच होते, तेव्हा चांगले खेळाडू टोपलीजवळ काय वापरत होते? १९८७ साली इनोव्हाची 'रॉक' आली, मिडरेंज जातीची, ड्रायव्हरपेक्षा बरीच हळू. बारा वेळा जगज्जेता झालेल्या केन क्लायमोचं नाव या चकतीशी कायमचं जोडलं गेलंय. घासून घासून जुन्या झालेल्या रॉक खेळाडू जपून ठेवायचे, कारण नवी जास्त ओव्हरस्टेबल आणि जुनी सरळ, अशी एकाच चकतीची वयानुसार वेगवेगळी हत्यारं व्हायची. मग खास हळू आणि हट्टी अशा चकत्या आल्या. इनोव्हाची 'ऱ्हायनो', 'गेटर'. डिस्क्राफ्टची 'झोन'. फिनलंडच्या वेस्टसाइडची 'हार्प'. स्वीडनच्या कास्टाप्लास्टची 'बर्ग', जिच्या नावाचा अर्थच डोंगर.

मला या यादीत इतिहासाची एक उलटी चाल दिसते. डनिपेसने कड निमुळती केली म्हणून खेळ खेळण्यापासून तुटला. आणि मग त्याच खेळाला टोपलीजवळ पोचल्यावर पुन्हा बोथट, जाड, हवेला अडणारी कड लागली. फक्त ती जुनी फ्रिस्बी नव्हे. फ्रिस्बी तरंगते, तरंगत राहते, कारण तिला कोणीतरी झेलेपर्यंत हवेत राहायचं असतं. ॲप्रोच डिस्कला तरंगायचंच नसतं.

चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. वेग, तरंगणं, टर्न आणि फेड. झोन आणि हार्प दोन्ही ४, ३, ०, ३. गेटर ५, २, ०, ३. ऱ्हायनो २, १, ०, ३. बर्ग १, १, ०, २. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरवर पहिला आकडा १२-१३ असतो, यावरून अंदाज करा. तिसरा आकडा सगळ्यांचा शून्य आहे हे पाहा. हाच तो हट्ट.

हे सगळं वाचून झाल्यावर मी गॅरेजमधून पिशवी काढली. बायको बघत होती. म्हणाली, "झालं प्रायश्चित्त?" मी म्हटलं, "अभ्यास चाललाय." तिने जे तोंड केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग चार रविवार सकाळी सहा वाजता, बागेत कुत्रंसुद्धा नसताना, पायवाटेपासून लांब असलेल्या मोकळ्या मैदानावर जाऊन फेकत बसलो. टेस्टरची झोन होतीच, दुकानातून एक बर्ग आणि एक जुनी ऱ्हायनो आणली. जे समजलं ते सांगतो, निवडायला बसलात तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. माणसाला अर्ध्या जोरात नेमकं फेकता येत नाही. पूर्ण जोराची फेक शरीराला पाठ असते, ती रोज सारखी येते. अर्धा जोर म्हणजे मनातल्या मनात लावलेला ब्रेक, तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी लागतो. कॅरम खेळताना स्ट्रायकर 'हळूच' मारायचा म्हणून काय होतं ते आठवा. हळू चकतीचा खरा फायदा हा, की दोनशे फुटांना तुम्ही जवळजवळ पूर्ण जोर लावू शकता. चकतीच पुढे जायला नकार देते. ब्रेक हातात नाही, कडेत आहे. माझ्या नडगी-प्रकरणाचं कारण मला त्या मैदानावर कळलं. मी ड्रायव्हरला अर्धा वेग दिला, त्याला उडायला पुरा वेग लागतो, म्हणून तो लवकर वळला. आणि निमुळती कड तिरकी जमिनीला लागली म्हणून टणकन उडाली.

झोनही टणकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कडक जमीन, तिरका कोन आणि चकचकीत महाग प्लॅस्टिक असेल तर ती पण दहा-पंधरा फूट सरपटते. स्वस्त, खरखरीत प्लॅस्टिकची चकती जमीन धरते. पण ते प्लॅस्टिक झाडांना आपटून लवकर झिजतं आणि मग हट्ट कमी होतो. म्हणजे महाग टिकते पण सरकते, स्वस्त थांबते पण म्हातारी होते. मी स्वस्त घेतली. आमच्याकडची जमीन मे ते ऑक्टोबर सिमेंटसारखी असते. तुम्ही सिएटलला ओल्या गवतात खेळत असाल तर माझं ऐकू नका.

बर्ग मात्र खरोखर वीट आहे. पडली की पडली. तिच्या पाठीवर अंगठा बसायला गोल खोलगट पट्टी आहे. सुरुवातीला विचित्र वाटते, चौथ्या दिवशी नसली तर चुकल्यासारखं होतं. पण तिला अंतर नाही. दीडशे फुटांपलीकडे माझा खांदा तक्रार करू लागला, आणि समोरच्या वाऱ्यात ती झोनइतकी ठाम वाटली नाही. ऱ्हायनोच्या पाठीवर गोल उंचवटा आहे, तो माझ्या अंगठ्याला शेवटपर्यंत पटला नाही. चुलतभावाला दिली.

फोरहँडने, म्हणजे टेबल टेनिससारखं बाहेरच्या बाजूने, फेकणाऱ्यांना या चकत्या विशेष आवडतात. त्या फेकीत मनगट नकळत वळतं आणि चकती डगमगत निघते. साधी चकती त्याने कलंडते, ओव्हरस्टेबल डगमग गिळून टाकते. माझा फोरहँड इतकी वर्षं वाईट होता असं मला वाटायचं. तो अजूनही वाईटच आहे, पण आता चकती ते बाहेर कोणाला सांगत नाही.

आणखी एक. दुकानात एकाच नावाच्या दहा चकत्या असतात आणि दहाही वेगळ्या उडतात. साचा तोच, पण प्लॅस्टिक थंड होताना कमीजास्त आकसतं. कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड एका बारीक रेघेने दिसतो. चकती टेबलावर ठेवा आणि ती रेघ टेबलापासून किती उंच आहे ते बघा. साधारणपणे रेघ जितकी वर, चकती तितकी हट्टी. पाठ फुगीर की सपाट तेही बघा. कोड तेच, बिल्ड वेगळं, असा हा प्रकार आहे. मी दुकानात खाली वाकून, एक डोळा मिटून, रेघा बघत होतो, तेव्हा दुकानदार पोरगी येऊन 'सगळं ठीक ना?' विचारून गेली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख संपवणं पाप होईल. जून २०२१, यूटामधलं ऑग्डन, जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस, शेवटचं होल. पुढे होता पॉल मकबेथ. त्याच वर्षी त्याने डिस्क्राफ्टबरोबर दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला होता. एका फेकीने मागे जेम्स कॉनरॅड, लांब केसांचा, शांत दिसणारा माणूस. बरोबरी करायची तर त्याला २४७ फुटांवरून थेट टोपलीत टाकायची होती. कोणी अपेक्षा करत नाही असल्या गोष्टीची. त्याने काढली पटर, 'एन्व्ही' नावाची. ती झोनइतकी हट्टी नाही, पण हळूच. फेकली. साखळ्या वाजल्या. पुढे प्लेऑफमध्ये तोच जिंकला. व्हिडिओ बघा, आणि प्रेक्षकांचा आवाज बंद करून बघा, म्हणजे चकती टोपलीपाशी किती सावकाश पोचते ते दिसेल. १३ आकड्याचा ड्रायव्हर त्याच रेषेत गेला असता तर साखळ्यांमधून पलीकडे निघून गेला असता असं माझं मत. टेस्टर म्हणतो, तू जरा जास्तच झोनवादी झालायस.

हेड्रिक ऑगस्ट २००२ मध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात, या माणसाच्या साच्यात ओतल्या. प्रथम वाचलं तेव्हा हसू आलं. नंतर, रात्री उशिरा, नाही आलं.

परवा पुन्हा सातव्या होलवर गेलो. महिना-सव्वा महिन्याने. पहिली फेक पुन्हा त्याच झाडाला (हे झाड माझं वैयक्तिक शत्रू आहे). दोनशे फूट. पायवाटेवर दोन बायका बाबागाडी घेऊन चालल्या होत्या. त्या वळणापलीकडे जाईपर्यंत थांबलो. मागची चौकडी खोळंबली, एकाने घसा खाकरला. मग झोन काढली, टोपलीच्या उजवीकडे, पायवाटेपासून लांब धरून, जवळजवळ पूर्ण जोरात फेकली. सरळ गेली, दमली, डावीकडे वळली आणि टोपलीपासून बारा-पंधरा फुटांवर धप्पकन बसली. पुढचा पट मी चुकवला, ते सोडा.

तो म्हातारा दिसला. आठव्या होलपाशी, हातात काठी, जखमेवर आता नुसता तांबूस डाग. मी हात केला. त्यानेही केला. मग माझ्या हातातल्या चकतीकडे एकदा पाहिलं, पायवाट सोडली आणि गवतातून लांबचा वळसा घालून पुढे गेला.

टेस्टरची चकती परत करायची आहे. दोनदा हापिसात नेली आणि दोनदा तशीच घरी आणली.